दात काढल्यावर खळग्यात हाड भरणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दात अजून जबड्यात असतानाच हे वाचलेत तर जास्त उपयोग होईल. इथले निम्मे निर्णय दात काढण्यापूर्वीच घ्यावे लागतात.

१. हाड भरायचं म्हणजे नेमकं काय करतात?

दात निघाला की जबड्यात मुळाच्या आकाराचा खळगा उरतो, त्याला सॉकेट म्हणतात. त्याच बैठकीत तो खळगा साफ करायचा, त्यात ग्राफ्टचे, म्हणजे बाहेरून आणलेल्या हाडाचे किंवा हाडासारख्या पदार्थाचे, बारीक दाणे भरायचे, वर झाकण घालायचे आणि टाके घ्यायचे. पेशंट त्याला ‘हाडाची पावडर’ म्हणतात, पण ती पावडर नसते. साधारण पाव ते एक मिलिमीटरचे दाणे असतात, जाडसर रव्यासारखे. पावडर इतकी बारीक असती तर रक्तात कालवून नुसता चिखल झाला असता आणि नव्या रक्तवाहिन्यांना आत शिरायला फटीच उरल्या नसत्या. हे दाणे इमारतीच्या परांचीसारखे काम करतात. रक्ताची गुठळी त्यांच्या आधाराने टिकते आणि तुमचे स्वतःचे हाड त्यांच्यावर चढत जाते.

२. खळगा तसाही भरून येतोच ना? मग मुद्दाम काय भरायचं?

आतून भरून येतो, हे खरे. अडचण भिंतींची आहे.

दाताचे मूळ हाडाला चिकटलेले नसते, बारीक तंतूंनी हाडाच्या आतल्या थराला बांधलेले असते. तो थर दातामुळेच असतो. दात गेला की त्याचे काम संपते आणि शरीर तो शोषून घेते. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची भिंत बहुतेकांत एक मिलिमीटरही जाड नसते, म्हणजे जवळजवळ सगळी त्या थराचीच असते. म्हणून ती आधी खचते आणि हिरडी आत ओढल्यासारखी दिसू लागते.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात ४६ पेशंटच्या दाढा-उपदाढांच्या जागा वर्षभर मोजल्या होत्या. कडेची, म्हणजे दात ज्यात बसतात त्या जबड्याच्या हाडाच्या काठाची, रुंदी निम्म्यावर आली, आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये काढलेला हिशेब असा, की सहा महिन्यांत रुंदी २९ ते ६३ टक्के आणि उंची ११ ते २२ टक्के कमी होते.

आता हे गणित इम्प्लांटला, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवायच्या स्क्रूला, लावून पाहा. ४ मिमी जाडीच्या इम्प्लांटला ओठाच्या बाजूने दीड ते दोन मिमी आणि आतल्या बाजूने किमान एक मिमी हाड हवे, म्हणजे कडा साडेसहा-सात मिमी रुंद हवी. नऊ मिमीची कडा पाच मिमी झाली तर स्क्रू बसवण्याआधी वेगळे ऑपरेशन करून हाड वाढवावे लागते.

३. ग्राफ्ट घातला की हाड अजिबात कमी होणार नाही ना?

होणार. कुणी ‘हाड जसंच्या तसं राहील’ म्हणत असेल तर ते खरे नाही. ग्राफ्टमुळे घट थांबत नाही, कमी होते. नुसता दात काढलेल्या जागेच्या तुलनेत रुंदी आणि उंची दोन्हींत सरासरी एक ते दोन मिमी वाचतात. आकडा किरकोळ वाटेल, पण मागच्या उत्तरातल्या गणितात तेवढ्यानेच पारडे फिरते. तरीही काही जणांना इम्प्लांटच्या वेळी थोडे हाड पुन्हा भरावे लागते. त्यावरून पहिला ग्राफ्ट वाया गेला असे ठरत नाही.

४. प्रत्येक दात काढल्यावर हे करायलाच हवं का?

नाही. त्या जागी पुढे काय बसवणार, हे आधी विचारा. उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर हाड भरून फायदा नाही.

अक्कलदाढ काढताना सहसा गरज नसते. शेजारच्या दाढेच्या मागचे हाड आधीच खोल गेले असेल तर तो अपवाद, आणि तो एक्स-रेवर दिसतो. इम्प्लांट बसवायचा असेल, विशेषतः पुढच्या दाताच्या जागी, तर भरणे बहुतेक वेळा शहाणपणाचे. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारा कृत्रिम दात, बसवायचा असेल आणि जागा हसताना दिसणारी असेल तरी विचार करावा. कडा खचली की ब्रिजच्या मधल्या दाताखाली काळी फट दिसते आणि अन्न अडकते. खालच्या दाढेच्या भिंती चारही बाजूंनी जाड आणि शाबूत असतील तर नुसते टाके घालून थांबणेही चालते. तारांसाठी दात काढत असाल तर प्रश्न १७ पाहा.

५. आज दात काढतो, हाड सवडीने भरू. चालेल?

‘सवडीने’ तेच काम करता येत नाही. ही क्रिया त्याच दिवसाची. दोन आठवड्यांनी खळग्यात कोवळी हिरडी भरलेली असते, दाणे धरून ठेवणारे भांडेच उरत नाही. पू किंवा सूज असल्याने त्या दिवशी टाळावे लागले (प्रश्न १४), तर सहा ते आठ आठवड्यांनी हिरडी बंद झाल्यावर उघडून भरण्याचा मार्ग असतो. तो शस्त्रक्रियेने थोडा मोठा आहे, पण उशीर झाला म्हणून सगळे संपले असे नाही.

६. माझा दात पाच वर्षांपूर्वी काढलाय. आता भरून मिळेल?

मिळेल, पण त्याचे नाव आणि काम वेगळे. इथे असलेले हाड जपायचे नसून गेलेले हाड पुन्हा उभे करायचे असते. हिरडी उघडावी लागते, कधी हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून हाडाचा तुकडा घ्यावा लागतो, आणि वेळ व खर्च दोन्ही वाढतात. या पानावरची मुदत आणि काळजी त्याला तंतोतंत लागू नाही.

७. हे हाड कशाचं असतं? गाईचं किंवा डुकराचं असतं असं ऐकलंय.

काही प्रकारांत असते, आणि हा प्रश्न संकोच न करता विचारावा. चार प्रकार आहेत.

तुमचे स्वतःचे हाड सर्वांत जिवंत, पण ते काढायला दुसरी जखम करावी लागते. एका खळग्यासाठी क्वचितच कुणी काढते. दुसरे मानवी दात्याचे. दात्याची एचआयव्ही आणि कावीळ ब व क यांसाठी तपासणी होते, हाड गोठवून वाळवतात आणि निर्जंतुक करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते आणि तिथले हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले असते. तिसरे प्राण्यांचे. यात गोवंशाचे सर्वाधिक वापरले जाते, काही उत्पादने डुकराची किंवा घोड्याची असतात. बहुतेक उत्पादनांत उष्णता आणि रसायनांनी त्यातले सेंद्रिय द्रव्य काढलेले असते, फक्त खनिज सांगाडा उरतो. तो फार हळू विरघळतो, काही दाणे वर्षानुवर्षे तसेच राहतात. कडेचा आकार टिकवायला तेच उपयोगी पडते. चौथे कृत्रिम: हायड्रॉक्सीॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह ग्लास वगैरे.

धर्म, आहार किंवा नुसते मन या कुठल्याही कारणाने प्राणिजन्य नको असेल तर तसे दात काढण्यापूर्वी सांगा. एक गोष्ट हमखास सुटते: दाणे कृत्रिम असले तरी वरचा कोलॅजनचा (प्राण्यांपासून मिळणाऱ्या प्रथिनाचा) पडदा गाईचा किंवा डुकराचा असू शकतो. दोन्हींबद्दल वेगवेगळे विचारा. पूर्णपणे प्राणिमुक्त जोडी हवी तर कृत्रिम दाणे आणि पीटीएफईचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) पडदा असे करता येते.

८. खुर्चीत बसल्यावर काय काय होतं?

बधिर करण्याचे इंजेक्शन दात काढायला देतात तेच. त्यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे दात भिंती न मोडता काढणे, आणि सगळा खेळ इथेच जिंकला किंवा हरला जातो. दात पक्कडीने ओठाकडे झुकवून उपटला तर तीच पातळ भिंत मोडते जी वाचवायची होती. म्हणून पातळ पात्याच्या हत्याराने मुळाभोवतीचे तंतू आधी कापतात, दाढ असेल तर तिची मुळे कापून सुटी करतात आणि एकेक बाहेर घेतात. वेळ लागतो, घाई करायला लावू नका.

मग खळगा चमच्यासारख्या हत्याराने खरवडतात. मुळाच्या टोकाशी लालसर, लिबलिबीत ऊतक असते, ते पूर्ण निघायला हवे. राहिले तर ग्राफ्ट त्यावरच कुजतो. सलाइनने धुतात आणि चारही भिंती चाचपून बघतात. आत ताजे रक्त यावे लागते, कोरड्या खळग्यात ग्राफ्ट रुजत नाही.

दाणे सलाइनमध्ये किंवा तुमच्याच रक्तात भिजवतात. एक मूळ असलेल्या दाताला पाव ते अर्धा सीसी, दाढेला साधारण एक सीसीपर्यंत. भरायचे ते हाडाच्या कडेच्या पातळीपर्यंत. हिरडीपर्यंत शीग लावली तर वरचे दाणे वाहूनच जातात. चेपून ठासले तर दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि रक्तवाहिन्या आत येत नाहीत, अगदी सैल टाकले तर थर बसून खड्डा पडतो. वर कोलॅजनचा पडदा किंवा बूच, आणि त्यावर आडवा फुलीचा टाका. एका दातासाठी दात काढण्याच्या वेळेवर आणखी पंधरा ते वीस मिनिटे.

९. टाक्यांखाली पांढरं काहीतरी दिसतंय. पू आहे का?

बहुधा पडदा. हिरडी ओढून जखम पूर्ण बंद करणे मुद्दाम टाळतात, कारण तसे केले की हिरडी-ओठाची ठेवण बदलते. कोलॅजन ओले होऊन पिवळट-पांढरे, मऊ दिसते आणि हळूहळू विरघळते. पीटीएफईचा पडदा पांढराशुभ्र, गुळगुळीत असतो आणि विरघळत नाही. तो तीन ते चार आठवड्यांनी चिमट्याने काढतात, सहसा इंजेक्शनही लागत नाही. तुम्हाला कुठला घातला आहे हे लिहून घ्या. न विरघळणारा पडदा ‘विरघळेल’ समजून महिनोन्‌महिने तोंडात ठेवला तर त्याखाली जंतू साठतात.

पू असेल तर वास येतो, दाबल्यावर द्रव येतो आणि सूज चौथ्या दिवसानंतरही वाढत राहते.

१०. पहिले दहा दिवस काय पाळायचं?

कापसाचा किंवा गॉजचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा. पहिल्या दिवशी थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका. तोंडात ओढ निर्माण झाली की गुठळी आणि दाणे दोन्ही सुटतात. लाळ गिळा किंवा ओठांवरून टिपून घ्या. गालावर बाहेरून बर्फ, दहा मिनिटे ठेवून दहा मिनिटे काढून.

खाणे कोमट आणि मऊ: गुरगुट्या भात, पेज, मुगाचे वरण, दही, शिरा. नाचणीचे आंबील चालते, गरम नको. चिवडा, दाणे, भाकरीचा कडक पापुद्रा आणि तीळ-खसखशीसारखे बारीक दाणे दोन आठवडे नकोत. चावणे दुसऱ्या बाजूने.

चोवीस तासांनंतर ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिन (जंतुनाशक माउथवॉश) दिवसातून दोनदा तोंडात घेऊन डोके इकडेतिकडे हलवा आणि तोंड उघडून ते आपोआप पडू द्या, खळखळून गुळण्या नकोत. टूथपेस्ट आणि हे औषध यांत अर्धा तास ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात. ब्रश बाकीच्या दातांना नेहमीसारखा, जखमेला नाही.

आणि कृपया ओठ वर ओढून आरशात रोज टाके बघू नका. पुढच्या दातांचे टाके सुटण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. टाके सात ते चौदा दिवसांत काढतात. काढता-घालता येणारा तात्पुरता दात असेल तर तो जखमेवर टेकत नाही ना, हे डॉक्टरांकडून बघून घ्या, टेकत असेल तर घासून घ्या. सतत दाब पडला तर खालचा ग्राफ्ट बसतो.

११. तोंडात वाळूसारखे कण येताहेत. सगळं निघून चाललंय का?

पहिल्या आठवड्यात पाच-दहा कण येणे नेहमीचे आहे, वरच्या थरातले असतात. गिळले गेले तरी अपाय नाही. झाकण पूर्ण निघून आले, खळगा रिकामा दिसू लागला किंवा चमचाभर दाणे एकदम आले तर त्याच दिवशी दाखवा. बोटाने किंवा काडीने आत ढकलू नका.

१२. तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं. हे ड्राय सॉकेट का?

असू शकते. ड्राय सॉकेट म्हणजे गुठळी निघून जाऊन खळगा उघडा पडणे. नेहमीचे दुखणे पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. उतरलेले दुखणे दोन ते चार दिवसांनी पुन्हा वाढून कानाकडे जाऊ लागले, तोंडाला वाईट वास आला तर गुठळी गेली असण्याची शक्यता आहे. ग्राफ्टमुळे ड्राय सॉकेट होतच नाही असे नाही. लवंगेचे तेल घरी खळग्यात टाकू नका, ते उघड्या ऊतकाला जाळते. ताप, गिळताना त्रास, तोंड उघडेनासे होणे यांपैकी काही असेल तर सकाळपर्यंत थांबू नका.

१३. तंबाखू, मशेरी, सिगारेट किती दिवस बंद?

आधी एक आठवडा आणि नंतर किमान चार, जमल्यास आठ आठवडे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्ट तर बाहेरून येणाऱ्या रक्तावरच जगतो. मशेरीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ‘मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते’ असे उत्तर हमखास मिळते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती लावताना बोट नेमके जखमेवरून फिरते. गुटखा-सुपारीने तोंड कमी उघडत असेल तर ते आधी सांगा. मागच्या दाढेपर्यंत हत्यारच पोहोचत नसेल तर बेत बदलावा लागतो.

१४. दाताला पू झालाय. तरी भरतात का?

मुळाच्या टोकाशी जुनी, शांत गाठ असेल तर पूर्ण खरवडून बहुतेकदा त्याच दिवशी भरता येते. गाल सुजलेला, ताप, पू वाहतो आहे अशा अवस्थेत भरू नये. दात काढून निचरा होऊ द्यावा आणि प्रश्न ५ मधला उशिराचा मार्ग घ्यावा. नुसत्या अँटिबायोटिकने पू दाबून मग ग्राफ्ट घालायचा, हा हट्ट महागात पडतो.

१५. मधुमेह आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हाडं ठिसूळ झाल्याचं इंजेक्शन घेते. जमेल का?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मधुमेहात तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, सातच्या आसपास असेल तर सहसा अडचण नाही. आठच्या वर असेल आणि दात घाईने काढायची गरज नसेल तर आधी साखर आटोक्यात आणा. त्या दिवशी उपाशी येऊ नका. जेवून, नेहमीची गोळी घेऊन या.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करू नका. एका दाताचे रक्त बोळ्याने आणि टाक्याने थांबते, हृदयातल्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती बोळ्याने निघत नाही. वॉरफरिन असेल तर एक-दोन दिवस आधीचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) घेऊन या, साधारण साडेतीनच्या आत असावा.

तिसरी बाब सर्वांत नाजूक. आठवड्याची अलेंड्रोनेट गोळी, वर्षाचे झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन, सहा महिन्यांचे डेनोसुमॅब या औषधांत जबड्याचे हाड उघडे पडून न भरण्याचा धोका असतो. ठिसूळपणासाठीच्या डोसमध्ये तो कमी, कॅन्सरसाठीच्या डोसमध्ये बराच जास्त. कॅन्सरच्या डोसवर असाल तर हौसेचा ग्राफ्ट नको. डेनोसुमॅब परस्पर लांबवू नका. मुदत चुकली तर पाठीचे मणके मोडू शकतात. जबड्यावर रेडिएशन झाले असेल, कितीही वर्षांपूर्वी, तर दात काढण्याआधीच सांगा.

१६. वरची दाढ काढताना सायनसला भोक पडलं म्हणाले. आता ग्राफ्टचं काय?

वरच्या दाढांची मुळे बऱ्याचदा सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीच्या, तळाला टेकलेली असतात. भोक उघडे असताना सुटे दाणे भरत नाहीत, ते सायनसमध्ये जाऊन त्रास देतात. दोन मिमीच्या आतले भोक गुठळीने आपोआप बुजते, त्याहून मोठ्याला कोलॅजनचे बूच व टाका, पाच-सहा मिमीच्या पुढे हिरडी सरकवून बंद करावे लागते. दोन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्या, फुगे फुगवू नका, बासरी वाजवू नका. पाणी पिताना नाकातून येऊ लागले तर लगेच परत जा.

१७. मुलीच्या तारांसाठी चार दात काढायचेत. भरून घेऊ?

नको. त्या मोकळ्या जागेतच शेजारचे दात सरकवायचे असतात. हळू विरघळणारे दाणे तिथे असतील तर सरकणाऱ्या मुळाच्या वाटेत अडथळा होतो.

१८. चौदा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात क्रिकेट खेळताना मार लागून गेला. आताच भरून ठेवलं तर पुढे इम्प्लांट होईल ना?

इम्प्लांट वाढ थांबल्याशिवाय बसवत नाहीत. जबडा वाढत राहतो, स्क्रू जागचा हलत नाही आणि तो दात बाकीच्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. आज भरलेले हाड पाच-सहा वर्षे टिकवणे अवघड. दात अजून तोंडात असेल आणि हाडाला चिकटून बसला असेल तर तो उपटण्याआधी विचारा: वरचा भाग कापून मूळ हाडातच ठेवता येते. ते मूळ हळूहळू हाडात रूपांतरित होते आणि कडा जागेवर राहते. वाढत्या वयात ग्राफ्टपेक्षा ही युक्ती कैकदा सरस ठरते.

१९. ओठाकडची भिंत आधीच गेलेली निघाली तर?

मुळाला उभी चीर गेली असेल तर हमखास अशी निघते. मग खळगा तीन भिंतींचा होतो आणि नुसते दाणे ओठाच्या बाजूने सांडतात. अशा वेळी कोलॅजनचा पडदा आइस्क्रीमच्या कोनासारखा कापून निमुळते टोक खळग्यात, गेलेल्या भिंतीच्या जागी सरकवतात, दाणे त्याच्या आत भरतात आणि वरचा रुंद भाग झाकणासारखा दुमडतात. हिरडीही खचलेली असेल तर हे पुरत नाही. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आधी काढलेला असेल तर ही गोष्ट खुर्चीत कळण्याऐवजी आधीच कळते.

२०. त्याच दिवशी इम्प्लांट घातला तर ग्राफ्ट वाचेल?

नेहमीच नाही. खळगा गोल-लांबट, इम्प्लांट बारीक. दोहोंमध्ये ओठाच्या बाजूने फट राहते. ती दोन मिमीपेक्षा मोठी असेल तर सहसा तीत दाणे भरतातच. शिवाय तत्काळ इम्प्लांटने भिंतीची झीज थांबत नाही.

२१. स्वतःच्या रक्ताचा ‘पीआरएफ’ घाला म्हणतात. तेवढ्याने भागेल?

हातातून १० मिली रक्त घेऊन दहा-बारा मिनिटे यंत्रात फिरवतात आणि तांबड्या पेशींच्या वर जमणारा पिवळा, जेलीसारखा थर खळग्यात ठेवतात. फ्रान्समध्ये २००१ च्या सुमारास पुढे आलेली पद्धत. हिरडी लवकर भरते, दुखणे कमी होते. पण तो थर साधारण दोन आठवड्यांत विरतो, महिनोन्‌महिने भिंत धरून ठेवायला त्यात काही टणक नसते. दाण्यांत मिसळला किंवा वर झाकण म्हणून ठेवला तर उत्तम.

२२. किती महिन्यांनी इम्प्लांट? एक्स-रेवर तर आत्ताच पांढरं भरलेलं दिसतंय.

तो पांढरा रंग दाण्यांचा आहे, तुमच्या हाडाचा नव्हे. ग्राफ्ट भरल्यावर पाच मिनिटांनी एक्स-रे काढला तरी तो तसाच दिसेल. मानवी हाडाला साधारण चार महिने, गोवंशाच्या हाडाला पाच-सहा महिने द्यावेत. हाड झाले की नाही हे ड्रिल करताना नीट कळते: घट्ट लागते आणि रक्त येते. वाळूसारखे सुटे दाणेच निघाले तर थांबणे बरे.

घाईइतकाच उशीरही वाईट. ग्राफ्टवर भार आला नाही तर झीज चालूच राहते, म्हणून ‘भरून ठेवलंय, दोन वर्षांनी बघू’ हा हिशेब तोट्याचा. कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही मुदत कमी होत नाही. ड जीवनसत्त्व मात्र फार कमी असेल तर भरून काढावे.

२३. खर्चात एवढा फरक का? आणि विमा?

दात काढणे, दाणे, पडदा आणि हात-वेळ हे चार भाग वेगळे लिहून मागा. दाणे सीसीवर विकले जातात आणि उघडलेली बाटली दुसऱ्या पेशंटला वापरता येत नाही, म्हणून अर्ध्या सीसीच्या खळग्याला एक सीसीची बाटली उघडली तरी पैसे पूर्ण बाटलीचे. किती सीसीची बाटली फोडणार, हे आधीच विचारावे. बाटली तुमच्यासमोर उघडली जावी, आणि तिच्यावरचे लॉट क्रमांक व मुदत असलेले स्टिकर तुमच्या कागदावर चिकटवून घ्या. पुढे दुसऱ्या गावी इम्प्लांट करायचा झाला तर तिथला डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारेल: आत काय भरलंय? विम्याच्या बहुतेक पॉलिसी दातांचे उपचार अपघाताशिवाय देत नाहीत, तेव्हा आधी पॉलिसी वाचा.